दीनानाथकाका गाडी थांबवत नाहीत

कार्ला फाटा मागे पडला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. तो सगळ्यात आधी शार्दूलला दिसला, कारण पुढच्या दोन सीटांच्या फटीतून मान काढून बसायची त्याला सवय होती.

"बाबा, हा कसला दिवा?"

"काही नाही. सेन्सर आहे," दीनानाथकाका म्हणाले.

"पण पेटलाय ना?"

"पेटू दे. आजकालच्या गाड्यांत दिवे फार असतात. मागे बस नीट."

शार्दूल मागे बसला. तो दहा वर्षांचा होता आणि दहा वर्षांच्या मुलाचं गाडीत कोणी ऐकत नाही, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. त्याच्या उजवीकडे आसावरी होती, त्याची आठवीतली चुलतबहीण. डावीकडे समर्थ, आसावरीच्या वर्गातला. समर्थचं गाव लोणावळ्याच्या पुढे, दुधिवरे खिंड उतरली की पवना धरणाच्या काठावर. शाळेसाठी तो तळेगावला मामाकडे राहायचा. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि त्याच्या आजोबांनी, भिमाजीआबांनी, भातझोडणीला सगळ्यांना बोलावलं होतं. शार्दूलच्या आईला, अरुंधतीकाकूंना, बँकेतून रजा मिळाली नाही, म्हणून काका एकटेच तिघांना घेऊन निघाले होते. मुलांचे चार दिवसांचे बेत कधीचे ठरले होते. पेंढ्याच्या ढिगात उड्या मारायच्या, धरणात गळ टाकून बसायचं आणि एक दिवस तिकोना किल्ला चढायचा. काकांच्या शेजारच्या सीटवर चकल्यांचे डबे होते. त्यांनाही काकांनी पट्टा लावला होता.

दीनानाथकाका शिस्तीचे होते. तळेगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर ते सुरक्षा अधिकारी होते आणि बारा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासून त्यांचा कोणावर विश्वासच उरला नव्हता. त्यात दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज आला. हायवेवर एक टोळी फिरते, चाकात हवा नाही अशी खूण करते आणि गाडी थांबवली की लुटते, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी तो सगळ्या ग्रुपवर पाठवला, छापून कंपनीच्या गेटवर चिकटवला, आणि आज निघताना तिघांना वाचूनही दाखवला.

त्यामुळे वलवणजवळ एक मोटरसायकलवाला बरोबरीने आला आणि गाडीच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवू लागला, तेव्हा काकांचे डोळे चमकले. त्यांनी एक बटण दाबलं, दारांची कुलपं लागली. दुसरं दाबलं, काचा वर गेल्या. मग त्यांनी वेग वाढवला. मोटरसायकलवाला हात हलवत मागे राहिला.

"बघितलंत? अगदी मेसेजमध्ये लिहिलंय तस्सं," काका खुशीत म्हणाले.

आसावरीने विचारलं, की तो खरंच काही सांगत असेल तर? काका म्हणाले, टोळीवाले खरं वाटेल असंच सांगतात. आसावरीने समर्थकडे पाहिलं. समर्थने खांदे उडवले, पण लगेच त्याने हात वर केला, गप्प राहा म्हणून. त्याला काहीतरी ऐकू येत होतं.

टक, टक, टक.

आवाज त्याच्या सीटखालून, मागून येत होता. लोणावळ्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागली होती. गाडी थांबली की आवाज थांबायचा. गाडी हातभर पुढे सरकली की एकदाच टक. वेग घेतला की टकटकटक. समर्थ पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत होता.

"इंजिनाचा नाही," तो हळूच म्हणाला. "गाडी थांबली तरी इंजिन चालूच असतं, पण हा थांबतो. चाकाचा आहे. मागचं डावं."

"आणि एका फेऱ्याला एकदाच वाजतो," आसावरी म्हणाली. "म्हणजे चाकात काहीतरी घुसलंय. खिळा असेल."

तिने काकांना सगळं नीट समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, आणि टायरच्या खाचेत खडा अडकला असेल, आपोआप निघेल, असं सांगून टाकलं. मग गाडी उभीच आहे तर मी उतरून बघते, एक मिनिट लागेल, असं आसावरी म्हणाली. काका म्हणाले, मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलंय, ती आता एकदम भिमाजीआबांच्या अंगणातच उघडतील. तेराव्या वर्षी आपण लहान मुलांच्या कुलपात बसलोय, याचा आसावरीला इतका राग आला की तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

शार्दूलने मात्र समोरच्या सीटच्या खिशातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. ते अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होतं. त्याने ते फाडलं, चित्रं पाहत पाहत नालाचं चित्र शोधलं आणि आसावरीच्या हातात दिलं. इंग्रजीत लिहिलं होतं की टायरमधली हवा कमी झाली आहे, गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवा आणि टायर तपासा. आसावरीने ते मोठ्याने मराठीत सांगितलं. दोनदा सांगितलं.

"ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना आपले रस्ते माहीत नसतात," काका म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

लोणावळा मागे पडलं. रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे कापणी झालेली भातखाचरं होती आणि गर्दीही विरळ झाली होती. काकांनी वेग वाढवला आणि थोड्या वेळाने समर्थच्या लक्षात आलं, की टकटक थांबली आहे. त्याला बरं वाटलं, पण ते क्षणभरच. आता नवाच आवाज येत होता. थप, थप, थप. ओल्या गोणपाटाने कोणी रस्ता बडवावा तसा.

शार्दूलच्या पायाशी पाण्याची बाटली होती. ती घरंगळून समर्थच्या पायाशी गेली. त्याने ती परत ठेवली. ती परत डावीकडे गेली. रस्ता सपाट होता, तरी दर वेळी ती डावीकडेच जात होती.

"गाडी डावीकडे बसलीय," शार्दूल कुजबुजला.

तेवढ्यात मागून हॉर्न ऐकू आला. एक स्कूटर होती. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन बांधलेले होते आणि चालवणाऱ्या बाईने नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचला होता. ती बरोबरीने आली, काचेकडे बघून काहीतरी ओरडली आणि हात खाली करून चाक दाखवू लागली. मुलांनी आतून जोरजोराने माना हलवल्या, होय, होय, आम्हाला माहीत आहे, असं सांगत. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"आता बायकांनाही घेतात टोळीत," ते म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.

"बाबा, तिच्याकडे दुधाचे कॅन आहेत."

"तेच तर. संशय येऊ नये म्हणून."

बाईने पाठ सोडली नाही. ती हॉर्न वाजवत मागून येत राहिली, आणि ती जवळ आली की काका वेग वाढवत राहिले. एका उजव्या वळणावर ते जरा जास्तच वेगात शिरले. पुढची चाकं वळली, पण गाडीची मागची बाजू वळलीच नाही. ती सरळ बाहेर घसरली. तिघं एकमेकांवर आदळले, चकल्यांचा एक डबा उघडून सगळीकडे सांडला, आणि मागचं डावं चाक डांबर सोडून खडीत उतरलं. समर्थच्या खिडकीतून रस्त्याच्या कडेचा चर दिसला, इतका जवळ की त्यातल्या पाण्यावरचं शेवाळंसुद्धा दिसलं. काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. गाडी डुलत डुलत रस्त्यावर आली.

आसावरीला आरशात काकांचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता. आता तरी थांबतील, असं तिला वाटलं.

"खडी होती रस्त्यावर," काका म्हणाले. "पीडब्ल्यूडीला काही काम नको."

आणि ते थांबले नाहीत. रडावं की ओरडावं, हे आसावरीला कळेना. माणूस घाबरलाय, त्याला दिसतंय, ऐकू येतंय, आणि तरी तो थांबत नाही. आता तर जळक्या रबराचा वासही येत होता. समर्थ तिच्याकडे वाकून म्हणाला, "खिंड दोन-तीन किलोमीटरवर आहे. पुढे नुसता उतार आणि वळणं, एका बाजूला दरी. एसटीसुद्धा तिथे पहिल्या गिअरमध्ये उतरते."

शार्दूलने ते ऐकलं आणि लगेच पोट धरलं.

"बाबा, मला उलटी होतेय. गाडी थांबवा."

काकांनी रस्त्यावरची नजर न हलवता कप्प्यातून एक पिशवी काढून मागे दिली. घाटाच्या प्रवासात ते नेहमी पिशवी ठेवत. शार्दूल पिशवी हातात धरून बसून राहिला. आता तर त्याला खरंच मळमळायला लागलं होतं.

आसावरी मागच्या काचेतून बघत होती. दूधवाली बाई अजून येतच होती. वळणावरची घसरण तिने पाहिली होती बहुतेक, कारण आता ती हॉर्नवरचा हात काढतच नव्हती. टायर, खिळा, दिवा, पुस्तक, सगळं सांगून झालं होतं. काकांना त्यातलं काहीच खरं वाटत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खरी वाटत होती, ती म्हणजे टोळी.

आसावरी वळून सरळ बसली.

"समर्थ, सुट्टीत खिंडीच्या अलीकडे पोलीस असतात ना?"

"असतात. पर्यटकांची गर्दी असते म्हणून बॅरिकेड लावतात."

मग ती पुढे वाकली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "काका, तुमचंच बरोबर आहे. ती बाई आपला पाठलाग करतेय."

काकांनी आरशात पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी त्यांचं बरोबर म्हटलं होतं.

"मी तेच सांगतोय केव्हाचं."

"मग आपण तिला पकडूनच देऊया. पुढे पोलीस आहेत. पण तुम्ही असे जोरात निघालात तर ती मागे पडेल आणि पळून जाईल. हळू चालवा. अगदी हळू. म्हणजे ती मागे मागे येत राहील."

काका विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "डोकं आहे तुला," ते म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला. गाडीचा वेग साठवरून चाळीसवर आला, मग वीसवर.

"अजून हळू," समर्थ म्हणाला. "आणि ब्रेक दाबू नका काका, दिवा लागला की तिला संशय येईल."

काकांनी मान डोलावली. गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. तिघंही मुकाट्याने ती थपथप मोजत बसले. शार्दूलने आसावरीचा हात धरला होता आणि तो तिने सोडवून घेतला नाही. दोन किलोमीटर त्यांना दोन तासांसारखे वाटले. मग एका वळणापुढे पिवळे-काळे बॅरिकेड दिसले आणि खाकी वर्दीतली एक महिला हवालदार रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर राजेश्वरी असं नाव होतं.

गाडी थांबली. अखेर थांबली.

काकांनी काच खाली केली, आपली ओळख सांगितली आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्या बाईला ताबडतोब ताब्यात घ्यायला सांगितलं. ती टोळीतली आहे, लोणावळ्यापासून पाठलाग करते आहे. राजेश्वरी हवालदार ऐकत होत्या, पण त्यांची नजर गाडीच्या मागच्या बाजूला होती.

"बघते तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही खाली उतरा."

काका उतरले. हवालदारांनी बाहेरून मागची दारं उघडली आणि तिघं भराभर बाहेर पडले. तोवर स्कूटर येऊन पोचली होती. बाईने ती स्टँडवर लावली, दोन क्षण दम घेतला, आणि मग ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"आवो भाऊ, किती हात करायचा मानसानं? लोनावळ्यापासनं बोंबलतीया मी. कान हायेत का न्हाई तुमाला? पोरं आतनं हात करत्यात, त्यास्नी कळतंय, आन् तुमी पळताय."

पण आता काकांनाही चाक दिसलं होतं.

टायर पार चपटा झाला होता. त्याची कड फाटून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या आणि एका जागी तो लोखंडी रिंगमधून अर्धवट निसटला होता. रिंग घासून चकाकत होती. त्यातून अजून बारीक धूर निघत होता. काकांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. शार्दूल गुडघ्यांवर बसला आणि त्याने रबरात रुतलेल्या खिळ्याचं डोकं दाखवलं.

हवालदारांनी सांगितलं ते काकांनी मान खाली घालून ऐकलं. खिंडीतल्या उजव्या वळणावर गाडीचा भार या चाकावर आला असता, ब्रेक लावताच टायर सुटून निघाला असता, आणि नुसत्या लोखंडावर गाडी घसरत कुठे गेली असती ते त्यांनी हाताने दाखवलं. तिकडे दरीच होती. लुटणाऱ्या टोळ्यांचं तुमचं अगदीच खोटं नाही, असंही त्या म्हणाल्या. "संशय आला तर पेट्रोल पंपावर थांबा, हॉटेलपाशी थांबा, चार माणसं असतील तिथे थांबा. पण थांबा."

काकांनी घाम पुसला. खिंडीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. आणि मग ते म्हणाले, "आता चारच किलोमीटर राहिलेत. अगदी हळू नेतो. गावात गेल्यावर बघू."

मुलांचा कानांवर विश्वास बसेना. आसावरीने काही न बोलता गाडीतून आपली बॅग काढली आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. समर्थने त्याची ठेवली. शार्दूलला त्याची बॅग उचलवत नव्हती, ती त्याने ओढत नेली.

"काका, आम्ही बसणार नाही," आसावरी म्हणाली. "आणि तुम्हालाही बसू देणार नाही."

दूधवाली बाई मघापासून रागाने बोलत होती, पण आता तिचा आवाज खाली आला. "चारच किलोमीटर म्हनूनच माजा भाऊ निघालता, पिकअप घेऊन," ती म्हणाली. "ह्याच खिंडीत. चाकात हवा न्हाई हे म्हाईत व्हतं त्याला. जीव वाचला, पाय गेला. म्हनून आले तुमच्या मागं. न्हाईतर मला काय, माजं घर मागंच राह्यलं."

काकांनी गाडीची किल्ली खिशातून काढली आणि आसावरीच्या हातात दिली.

"स्टेपनी मागे आहे," ते म्हणाले. "पण ती बदलायची कशी, ते मला येत नाही."

हे सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाईला मात्र चाक बदलता येत होतं. तिचं नाव नंदाबाई. घरच्या टेम्पोचं चाक ती स्वतःच बदलायची. तिने काकांना पुढच्या चाकांना दगड लावायला पाठवलं. गाडी उचलायच्या आधी नट सैल करायचे, नाहीतर चाक नुसतं फिरत राहतं, हे तिने मुलांना दाखवलं. समर्थ पान्यावर उभा राहून नट सैल करू लागला, आसावरीने जॅकचा दांडा फिरवला आणि शार्दूलने काढलेले पाच नट आपल्या टोपीत सांभाळले. अर्ध्या तासात स्टेपनी बसली. हवालदारांनी ती दाबून, ठोकून तपासली आणि आता जा, म्हणाल्या.

काका नंदाबाईंसमोर गेले. त्यांना बरंच काही बोलायचं असावं, पण एवढंच जमलं, "ताई, माझं चुकलं."

"माजं काय घेऊन बसलाय," नंदाबाई म्हणाली. "पोरास्नी सांगा."

ती स्कूटर वळवून निघून गेली. कॅन खडखडत होते, ते बराच वेळ ऐकू येत राहिले.

दुपारी सगळे भिमाजीआबांच्या अंगणात बसले होते. खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. चहा आला, उरलेल्या चकल्या आल्या, आणि आबांनी उशीर का झाला ते विचारलं. काकांनी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. टायरचा आवाज बदलला तसा मला संशय आलाच होता, असं ते म्हणाले. म्हणून मी सरळ गाडी पोलिसांकडे घेतली.

तिघांचे चकली धरलेले हात जागीच थांबले. शार्दूल बाबांकडे नुसता बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. पुढे काय सांगतात, याची तो फक्त वाट पाहत होता.

काका थांबले. त्यांनी एकदा शार्दूलकडे पाहिलं, मग घसा खाकरला.

"नाही आबा. तसं नाही झालं. पहिल्यापासून सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोटरसायकलवाला, न वाचलेलं पुस्तक, कुलूप, पिशवी, वळण. मुलं सांगत होती आणि मी काचा लावून घेत होतो, हेही सांगितलं. खिंडीपाशी किलोमीटर मोजत होतो, हेसुद्धा. सांगून झाल्यावर ते खूप थकलेले दिसले, पण सकाळपासून प्रथमच त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

आबांनी तिघांना जवळ बोलावलं. समर्थच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, शार्दूलच्या डोक्यावर ठेवला, आणि आसावरीकडे बघून म्हणाले, "मोटं मानूस ऐकत नसंल तर ल्हान मानूस रडतंय, न्हाईतर गप बसतंय. तुमी दोनी केलं न्हाई. आरं, चार जीव आनलेत तुमी घरी. उद्या झोडनीची पयली पेंढी तुमच्या हातची."

पहिली पेंढी घरातलं थोरलं माणूस झोडतं, हे समर्थला माहीत होतं. तो इतका लाजला की त्याने चकलीच तोंडात कोंबली.

"आणि मी काय करू, आबा?" काकांनी विचारलं.

"तुमी पानी भरा," आबा म्हणाले.

सगळ्यात आधी शार्दूल हसला. मग आसावरी, मग समर्थ. काकांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली, उठून बाह्या सरसावल्या आणि कळशी कुठे ठेवलीय ते विचारलं.